गुणसूत्रांची वाटणी आणि आईवरचा दोष

१९५६ हे वर्ष नागपूरच्या दीक्षाभूमीमुळे आपणा सर्वांच्या अंतःकरणात कोरले गेले आहे. त्याच वर्षी स्वीडनमध्ये जो हिन टिओ आणि अल्बर्ट लेव्हान या शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशीत ४८ नव्हे, तर ४६ गुणसूत्रे असतात, असे जाहीर केले. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकात २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. हे तिसरे गुणसूत्र येते कोठून, आणि त्याचा दोष आईच्या पदरात का टाकला जातो, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

विदर्भात सिकलसेल आपल्या परिचयाचा आहे. त्यात जनुकातच बदल असतो व तो आईवडिलांकडून वारशाने येतो. डाऊन सिंड्रोममध्ये मात्र बहुतेक वेळा जनुके निर्दोष असतात. चूक होते ती वाटणीत.

अंडपेशी व शुक्रपेशी तयार होताना ४६ गुणसूत्रांची २३ व्हावी लागतात. यालाच अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. त्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते व दोन्ही प्रती एकमेकींना बांधलेल्या राहतात. पहिल्या फेरीत आईकडून व वडिलांकडून आलेली जोडीदार गुणसूत्रे वेगळी होतात. दुसऱ्या फेरीत बांधलेल्या प्रती सुटतात. सर्व सस्तन प्राण्यांत हीच रीत आहे. ताडोबा व मेळघाटच्या जंगलातील भेकरात मादीची गुणसूत्रे ६ व नराची ७, म्हणजे सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी. पण वाटणीचा नियम तोच.

ही वाटणी गुणसूत्रबिंदूवर अवलंबून असते. गुणसूत्राच्या या आकसलेल्या भागावर प्रथिने थराथराने बसतात. सर्वांत खाली असते 'सेन्प-ए'. १९८५ मध्ये स्क्लेरोडर्मा गटातील रुग्णांच्या रक्तद्रवाच्या साहाय्याने 'सेन्प' प्रथिने प्रथम ओळखली गेली. 'सेन्प-ए' ही जणू जागेवर रोवलेली खूण. तिच्यावर 'सेन्प-सी' व अन्य प्रथिने रचली जातात, आणि सर्वांत वरची प्रथिने पेशीतील सूक्ष्म धाग्यांना पकडतात. हे धागे गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढतात.

पहिल्या फेरीत दोन्ही प्रतींनी एकाच टोकाकडे जायचे असते. 'मेइकिन' नावाचे प्रथिन त्यांची तोंडे एका दिशेला ठेवण्यास मदत करते. 'कोहेसिन' हे प्रथिन प्रतींना बांधून ठेवते. वेळेआधी गुणसूत्रबिंदूजवळचे कोहेसिन तुटू नये, म्हणून 'शुगोशिन' त्याचे रक्षण करते. या जपानी शब्दाचा अर्थच रक्षक देवता असा आहे.

मुलीच्या अंडपेशींचे हे विभाजन ती आईच्या गर्भात असतानाच सुरू होते व मध्येच थांबते. ते पुढे सरकते थेट वयात आल्यावर, एकेका अंडपेशीत, काहींत तर चाळीस वर्षांनी. उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे की, 'सेन्प-ए' नव्याने न बनताही वर्षाहून अधिक काळ टिकते. कोहेसिन मात्र वयाबरोबर घटत जाते व त्याची भरपाई होत नाही. बंध सैल झाले की वाटणी चुकण्याचा संभव वाढतो. म्हणूनच आईच्या ३५ व्या वर्षी डाऊन सिंड्रोमचे प्रमाण साधारण ३५० जन्मांत एक, तर ४० व्या वर्षी साधारण १०० जन्मांत एक असते. तरुण मातांनाही असे मूल होऊ शकते. सुमारे दहा प्रकरणांपैकी नऊ प्रकरणांत जादा गुणसूत्र अंडपेशीतून येते. उरलेल्यांपैकी बरीच शुक्रपेशीतून.

म्हणजे चूक अंडपेशीत होत असली, तरी ती आईच्या वागण्याची, ग्रहणाची किंवा कोणाच्या शापाची नव्हे. ती तिच्या जन्मापूर्वीपासून थांबलेल्या पेशीतील प्रथिनांची झीज आहे. तरीही काही घरांत "पूर्वजन्मीचे पाप" म्हणून सुनेला ऐकवले जाते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना तपासताना आनुवंशिकतेच्या शास्त्राचाच आधार घेतला होता. कारणाशिवाय कार्य नाही, ही बुद्धांची शिकवण. खरे कारण कळल्यावर खोटे कारण कवटाळणे आपल्याला शोभत नाही.

असे मूल जन्मल्यास रक्तावरून गुणसूत्र तपासणी करून घ्यावी. पुढील गर्भारपणाचा सल्ला तिच्यावरून मिळतो. अशा बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, म्हणून हृदयाची तपासणी लवकर व्हावी. ही मुले चालतात, बोलतात, शिकतात. मात्र त्यांना वेळ व प्रशिक्षण द्यावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी हे शास्त्र नीट समजून घ्यावे आणि ज्या घरी अशी माता आहे, तेथे जाऊन ते सोप्या मराठीत सांगावे.