परिस्थितिवैज्ञानिक संशोधन, दीर्घकालीन

परिस्थितिवैज्ञानिक संशोधन, दीर्घकालीन : एकाच ठिकाणी, ठरावीक अंतराने व शक्यतो न बदलणाऱ्या पद्धतीने अनेक दशके मोजमापे घेऊन जंगल, तलाव, गवताळ प्रदेश, समुद्रकिनारा इ. परिसंस्थांतील बदलांचा केलेला अभ्यास. यांतील पुष्कळसे बदल इतके मंद असतात की, वर्षावर्षांच्या चढउतारांत ते लपून जातात. उलट महापूर, मोठा वणवा यांसारख्या घटना विरळ असल्याने दोनतीन वर्षांच्या अभ्यासाच्या कक्षेत त्या बहुधा येतच नाहीत. दोहोंचा उलगडा होण्यास निरीक्षणांची मालिका अखंड असावी लागते.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे जे. बी. लॉझ व जे. एच. गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडून काहींना निरनिराळी खते दिली व काही बिनखताचे ठेवले. हेतू गवताचे उत्पन्न वाढविण्याचा होता. परंतु खताच्या पट्ट्यांत उत्पन्न वाढले, तरी वनस्पतींच्या जाती कमी होत गेल्या. हा प्रयोग अद्याप चालू आहे. जपून ठेवलेल्या गवताच्या व मातीच्या नमुन्यांवरून अणुस्फोट चाचण्यांच्या किरणोत्सर्गी धुळीचाही पुढे माग काढता आला. नमुने ठेवणाऱ्यांना त्याची कल्पना असणे शक्यच नव्हते. अमेरिकेतील हबर्ड ब्रुक या वनक्षेत्रात १९६३ पासून घेतलेल्या पावसाच्या व ओढ्यांच्या पाण्याच्या नोंदींमुळे त्या देशातील आम्लपर्जन्याचा प्रश्न पुढे आला. तेथे १९८० मध्ये अशा केंद्रांचे राष्ट्रीय जाळे स्थापन झाले व १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय जाळे निर्माण झाले.

भारतात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये मुदुमलाईच्या पानझडी जंगलात ५० हेक्टरांचा तुकडा आखून १ सेंमी. व त्याहून अधिक व्यासाच्या प्रत्येक झाडाची नोंद सुरू केली. वणवे, हत्तींचा वावर व अवर्षण यांचे परिणाम तेथे वेगवेगळे ओळखता येतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोरील उथळ समुद्रात निरीक्षणे घेतली आहेत. पावसाळ्यात खालचे थंड व ऑक्सिजन कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. नद्यांच्या व पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर वर पसरल्याने हवेशी त्याचा संबंध तुटतो. परिणामी पावसाळ्याच्या अखेरीस तळाशी ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही व काही वेळा हायड्रोजन सल्फाइड तयार होते. ही घटना दर वर्षी सारख्या तीव्रतेने घडत नाही, हेही सलग नोंदींमुळेच समजले. केंद्र शासनाने २०१५ मध्ये अशा निरीक्षणांचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. त्यात मध्य भारतातील वने व पश्चिम घाट यांचाही समावेश आहे.

नरखेड तालुका : नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाकडील हा तालुका वर्धा व जाम या नद्यांच्या खोऱ्यांत असून संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. येथील परिसंस्थेचा आधार भूजल हा होय. पावसाळ्यानंतर नाल्यांतून वाहणारे पाणी, काठची झाडे आणि बागा ही सर्व त्यावर पोसली जातात. मात्र तालुक्यात मुख्यत्वे दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट खडक असल्याने पाणी साठते ते झिजलेल्या थरांत व भेगांतच. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो व फळे पोसण्यासाठी सबंध उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. नेमक्या याच काळात विहिरींची पातळी सर्वांत खाली जाते. विहीर आटली की विंधन विहीर घेतली जाते व ऱ्हास काही काळ नजरेआड होतो. २०१८ मध्ये नरखेडचा समावेश दुष्काळग्रस्त तालुक्यांत झाला. याच तालुक्यातील मोवाड हे गाव ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली होती.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत, मोजते. टंचाईचा अंदाज बांधताना पातळीची तुलना मागील पाच वर्षांच्या सरासरीशी केली जाते. तात्कालिक गरजेस ती पुरेशी आहे. परंतु सरासरीच दर वर्षी पुढे सरकत असल्याने मंद घसरण तीत दिसत नाही. समजा, पातळी वर्षाला १० सेंमी. खाली जात आहे. पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करता फरक ३० सेंमी. एवढाच भरेल व एका चांगल्या पावसाळ्यात तो दिसेनासा होईल. तीस वर्षांत मात्र घसरण ३ मी. झालेली असेल. उथळ विहिरीच्या मालकाच्या दृष्टीने बाग राहणार की तोडावी लागणार, हे तेवढ्या अंतरावर ठरू शकते.

नोंदींतही दोष शिरतात. निरीक्षण विहीर कोरडी पडून सरासरीतून वगळली गेली, तर उरलेल्या विहिरींची सरासरी सुधारल्याचा भास होतो. विहीर बुजली वा बदलली, तर जुन्या व नव्या मापांची सांगड घालणे कठीण जाते. त्यासाठी दोन्ही विहिरी काही काळ बरोबरीने मोजाव्या लागतात. जलविज्ञान प्रकल्पाखाली १९९५ नंतर राज्यात केवळ मोजणीसाठी नलिका खोदण्यात आल्या. त्यांतून उपसा होत नसल्याने त्यांची मापे अधिक भरवशाची असतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत काटोल व नरखेड तालुक्यांतील गावे समाविष्ट झाली आणि पाऊस व विहिरींची पातळी गावानेच नोंदवावी अशी तरतूद झाली. योजनेची मूळ मुदत पाच वर्षांची होती. घसरणीचा वेग ठरविण्यास एवढा काळ अपुरा पडतो. म्हणून विहिरीचे नेमके स्थान, मोजमापाचा आधारबिंदू व विहीर कोरडी असल्यास तिची खोली या गोष्टी प्रत्येक नोंदीबरोबर लिहून ठेवणे आवश्यक ठरते.