टपाची मोटार

परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या पॅसेंजरला पिंगळीचे स्टेशन लागते. त्या गावातील एका जुन्या वाड्याच्या पडवीत, जेथे एकेकाळी सरकीची पोती रचलेली असत, मी यंदाच्या पौषातले चार दिवस १९३६ सालच्या एका मॉरिस एट मोटारीच्या सान्निध्यात घालविले. ऑक्सफर्डजवळच्या कौली येथे घडलेली ही चिमुकली उघडी मोटार, ९१८ सीसीचे इंजिन आणि तीन गिअर एवढ्याच भांडवलावर, निजामाच्या अंमलात या काळ्या मातीत कशी येऊन पडली, याचा एकमेव पुरावा म्हणजे उर्दूतली एक पावती. तीवर किंमत हाली सिक्क्यात आहे. आता मालकांनी तिची डागडुजी करवून ती विक्रीस काढली होती, आणि रविवारी पुण्याचे एक संग्राहक पाहावयास येणार होते.

पत्रा, लांबी, रंग ही कामे आधीच उरकली होती. हँडल मारताच इंजिनही बोलू लागत होते. राहिला होता तो टप. उंदरांनी कॅन्व्हास कधीच फस्त केला होता, बाजूच्या पडद्यांचे सेल्युलॉइड पिवळे पडून तडकले होते, आणि दोन कमानी कुजल्या होत्या. त्या धामणीच्या लाकडाच्या करवून, वाफ देऊन वाकविल्या; धामण लवते पण मोडत नाही, हे बैलगाडी करणाऱ्या सुताराला निराळे शिकवावे लागत नाही. शिवणकाम मात्र परभणीच्या एका कुशनवाल्या उस्तादांकडे होते.

उस्ताद दोऱ्याला मेण लावीत असता मी सहज विचारले, नायलॉनचा पक्का दोरा का नको? त्यांनी मान वर न करता सांगितले, "तो पक्काच राहतो ना साहेब, तेच तर वाईट. सुती दोरा पाण्यानं फुगतो, अन् सुईचं भोक आपणच बुजवितो." मग कमानीवरून कापड ताणताना ते दर वितीस बोटाची टिचकी मारून आवाज ऐकत, आवाज बद्द आला की टाचण्या काढून पुन्हा ताणत. एका कडेला अशी सहा वेळा उकलउसव झालेली मी मोजली. गंमत अशी की, एवढे श्रम ज्यावर चालले होते ते छप्पर, गिऱ्हाईक उघडी मोटार मागत असल्यामुळे, बहुधा मिटलेलेच राहणार होते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते, तेव्हा लोक तिला डोळे भरून पाहतात; तिच्या टपाची चौकशी कोण करतो?

कायद्यानेही या मोटारीला छपराची फारशी गरज ठेवलेली नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूप न बिघडविलेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, फी वीस हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण रोजच्या वापराला किंवा भाड्याला ते रस्त्यावर आणता येत नाही. विक्री झाल्यास उभय पक्षांनी नव्वद दिवसांत परिवहन खात्यास इत्तिला द्यावयाची. म्हणजे पावसात सापडण्याचा प्रसंगच विरळा! मालकांनी हे उस्तादांना ऐकविले, तेव्हा ते केवळ हसले आणि सुईत दोरा ओवू लागले.

रविवारी संग्राहक आले. त्यांनी चासीवरचा क्रमांक भिंगातून वाचला, पायाखालच्या फळ्या उचलून पाहिल्या, पावतीची घडी दोनदा उलगडली. टपाकडे त्यांनी नजरही टाकली नाही. उस्तादांनी मात्र तो उभा करून, विहिरीच्या पाण्याच्या बारा बादल्या त्यावर ओतविल्या, आणि स्वतः आत बसून राहिले. मागच्या शिवणीशी एक थेंब जमला, लोंबला, पडला नाही.

"आता मिटा, फोटो घेऊ," संग्राहक म्हणाले.

"ओला मिटला तर बुरशी धरेल. वाळू द्या."

"किती वेळ?"

उस्तादांनी उन्हाकडे पाहिले. "चार वाजतील."

संग्राहकांनी घड्याळ पाहिले, कोट काढला आणि पडवीच्या पायरीवर येऊन बसले. घरातून चहा आला.