80 हजार कोटी, आणि तेही कमीच

जगात मुंग्या किती? 2022 साली हाँगकाँग आणि जर्मनीतल्या संशोधकांनी 489 अभ्यासांचे आकडे एकत्र करून उत्तर काढलं: 2 वर 16 शून्यं. डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा, दर माणसामागे 25 लाख. त्यांच्या शरीरातला नुसता कार्बन 1 कोटी 20 लाख टन. जगातले सगळे रानपक्षी आणि रानटी सस्तन प्राणी एकत्र केले तरी मुंग्यांचंच पारडं जड.

आता नंदुरबार घ्या. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात 16 लाख 48 हजार माणसं. 25 लाखांनी गुणलं की 4 लाख कोटींहून जास्त मुंग्या. पण हा गुणाकार फसवा आहे. इथली वस्ती जगाच्या सरासरीपेक्षा पाचपट दाट. त्याचं मुंग्यांना काय? जमिनीवरून मोजू. जगात दर चौरस मीटरला सरासरी 134 मुंग्या पडतात. जिल्ह्याचं क्षेत्रफळ 5,955 चौरस किलोमीटर, म्हणजे 80 हजार कोटी. माझ्या मते हाही आकडा कमीच, कारण जगाच्या जमिनीत अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडही धरलेत, जिथे मूळची एकही मुंगी नाही. ती कसर उष्ण प्रदेशातल्या रानांनी भरून काढलेली असते.

सरासरीला सातपुड्याचा डोंगर मात्र दिसत नाही. जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर टोकाला नर्मदा आहे. सरदार सरोवर भरलं की पाणी 138.68 मीटरवर. तोरणमाळचं पठार सुमारे 1,150 मीटरवर, आणि दिवाळीत यात्रेकरू चढतात तो अस्तंबा सुमारे 1,325 मीटर. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंडावते. खाली उन्हाळ्यात जमीन तापते, ओल टिकत नाही. वर रात्री गारठतात. जगातल्या अनेक पर्वतांवर मुंग्यांच्या सर्वाधिक जाती ना पायथ्याला, ना शिखरावर, तर मधल्या उंचीवर सापडल्या आहेत.

आणि मुंग्यांची जागा नुसत्या उंचीवर ठरत नाही. आंब्यावरच्या लाल मुंग्या पहा. बऱ्याच जणी एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात आणि दोन पानं ओढून जवळ आणतात. मग एखादी आपली अळी तोंडात धरून कापडावर धोटा फिरवावा तशी पानांच्या कडेने फिरवते. रेशीम अळीचं, शिलाई मुंगीची. या जातीला पानं लागतात; उघड्या माळावर तिचं काम नाही. काळे डोंगळे मात्र जमिनीत बिळं करून राहतात आणि झाडावरच्या माव्यापाशी गोड रसासाठी चढतात.

भारतात 2016 पर्यंत मुंग्यांच्या 828 जाती-उपजाती नोंदल्या गेल्या. त्या कामाची एक सुरुवात मुंबई इलाख्यातलीच: वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी 1892 मध्ये ‘अवर अँट्स’ ही लेखमाला लिहिली. फिरतीवर मुंग्या गोळा करण्याचा नाद वरिष्ठांना कसा वाटला असेल, कोण जाणे.

सातपुड्यात जाती नोंदण्याचं हे काम करायला फारसा खर्च नाही. नर्मदेच्या काठापासून अस्तंब्यापर्यंत दर 200 मीटर उंचीला काही प्लास्टिकचे पेले काठोकाठ मातीत पुरायचे, तळाशी साबणाचं पाणी, वर पावसापासून आडोसा. दोन दिवसांनी उचलायचे, पालापाचोळा वेगळा चाळायचा, झाडांवरच्या हाताने वेचायच्या. चढ जेमतेम सहा-सात टप्प्यांचा. वेळ जातो तो नंतर, सूक्ष्मदर्शकाखाली एकेकीच्या कमरेच्या गाठी मोजताना.