सांध्यांतील न दिसणारी गादी

"चित्रांत हाडें शाबूत आहेत, मग दुखणें कसलें?" असा निवाडा आपण घरांतील वडीलधाऱ्यांविषयीं सहज देतों. तो न्याय्य आहे काय, हें येथें पाहूं.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. तिच्यांत बहुतांश पाणी असून रक्तवाहिन्या व मज्जातंतू नसतात. म्हणून ती झिजूं लागली तरी आरंभीं कळत नाहीं, आणि झिजल्यावर सहसा पुरती भरून येत नाहीं.

राँटगेन यांनीं इ. स. १८९५ मध्यें शोधिलेले क्ष-किरण हाडांतील चुन्यामुळें अडतात. कूर्चेंतून मात्र ते पार जातात. चित्रांत दोन हाडांमधील फट तेवढी दिसते, व ती अरुंद झाल्यास झिजेचें अनुमान करितात. यास्तव गुडघ्याचें चित्र रोग्यास उभें करून घेणें बरें. भार पडल्यावरच खरी फट कळते.

इ. स. १९७३ मध्यें लॉटरबर यांनीं चुंबकीय अनुनादाचें चित्र प्रसिद्ध केलें. त्यावरून पुढें झालेलें एम्. आर्. आय्. यंत्र पाण्यांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संदेश टिपतें. त्यामुळें पाणीदार कूर्चा प्रत्यक्ष दिसते. तिची जाडी मोजतां येते, आणि विशेष पद्धतीनें जाडी घटण्यापूर्वींचा बिघाडही कळूं शकतो.

तथापि कित्येकांची कूर्चा झिजलेली असूनही त्यांस वेदना नसते. म्हणून चित्र अवश्य पाहावें. परंतु ज्याचा गुडघा दुखतो, त्याचें बोलणें आम्हीं आधीं ऐकावें.