लग्नाशिवाय संपणारी, तरी मन भरून टाकणारी प्रेमकथा

पोशीर-कळंबहून रोज नेरळ स्टेशन गाठणाऱ्यांनो, ही पोस्ट खास तुमच्यासाठी!

'पुढे त्यांचं काय झालं' हे प्रेक्षकावर सोडूनही समाधान देणाऱ्या दोन कोरियन मालिका सुचवतेय. दोन्हींची लेखिका पार्क हे-यंग, दोन्ही 16 भागांच्या.

📌 माय लिबरेशन नोट्स (2022)
सोलपासून लांबच्या सानपो या काल्पनिक गावातली तीन भावंडं. नोकरीसाठी रोज शहर गाठायचं, सुट्टीत वडिलांच्या शेतात राबायचं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको! धाकटी मी-जंग आणि तिच्या वडिलांच्या हाताखाली काम करणारा, दारूत बुडालेला अबोल गू यांची ही गोष्ट. शेवटी गूच्या हातून 500 वॉनचं नाणं निसटतं आणि गटाराच्या जाळीवर अडकतं. तो ते उचलतो, दारूची बाटली एका बेघर माणसाजवळ ठेवतो आणि चालू लागतो. लग्न नाही, आणाभाका नाहीत. पण माणूस सावरतोय हे स्पष्ट दिसतं.

📌 माय मिस्टर (2018)
मध्यमवयीन इंजिनिअर आणि कर्जाने पिचलेली तरुणी. या नात्याला प्रेम म्हणायचं का, हे मालिका ठरवत नाही. शेवटी दोघं योगायोगाने भेटतात, हात मिळवतात.

पात्रांच्या मनातला मूळ गुंता सुटलेला असला, की असा शेवट अर्धवट वाटत नाही. दोन्हींची सुरुवात संथ आहे, म्हणून निदान चार भाग तरी धीर धरा. तुमच्या आवडीची अशी मालिका असेल, तर नक्की कळवा.