पंचवीस फेऱ्यांचं करिअर

एकविसाव्या वर्षी तुम्ही काय करत होतात? जरा आठवून बघा. लास्ट इयरच्या सबमिशन्स, एखाद-दुसरी एटीकेटी, कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी मित्राकडून उसना आणलेला टाय आणि कॉलेज रोडवरच्या कट्ट्यावर 'पुढे काय?' या विषयावर चहाच्या सात-आठ राऊंड्स. बहुतेकांचं एकविसावं असंच गेलेलं असतं. माझंही काही वेगळं नव्हतं.

आपल्याच नाशिकच्या एका कॉलेजकन्येने एकविसाव्या वर्षी काय केलं, ते ऐका. ऑगस्ट 2017, तैवानची राजधानी तैपेई. वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स, म्हणजे जगभरच्या कॉलेज विद्यार्थ्यांचं ऑलिंपिक. इव्हेंट होता महिलांची 10,000 मीटर धाव. चारशे मीटरच्या ट्रॅकला पंचवीस फेऱ्या. किर्गिझस्तानची दारिया मास्लोवा पहिली आली आणि तिच्या पाठोपाठ 33 मिनिटं 22 सेकंदांत नाशिकची संजीवनी जाधव. सिल्व्हर मेडल! त्या अख्ख्या स्पर्धेत भारताच्या खात्यात जमा झालेलं ते एकमेव पदक होतं.

33:22 म्हणजे नेमकं किती फास्ट? जिमच्या भाषेत सांगते. ट्रेडमिलवर 18 चा स्पीड लावा. आपल्यापैकी बरेच जण 8 वर वॉर्म-अप करतात, 10 वर घामाघूम होतात आणि 12 वर इन्स्ट्रक्टरकडे केविलवाण्या नजरेने बघतात. संजीवनीने 18 च्या स्पीडला तेहतीस मिनिटं काढली. सरासरी 80 सेकंदांना एक फेरी, अशा पंचवीस. मी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. किती सेकंद टिकले, ते विचारू नका.

कॉलेज ते तैपेई, व्हाया झोनल

संजीवनी मूळची चांदवड तालुक्यातली. कांद्याचा आणि पाण्याची वाट बघण्याचा हा पट्टा. पुढे ती नाशिकला आली, भोसला मिलिटरी कॉलेजची विद्यार्थिनी झाली आणि विजेंदर सिंग सरांच्या ग्रुपमध्ये धावायला लागली.

सिंग सर म्हणजे नाशिकच्या रनिंगचं स्वतंत्र चॅप्टर. 'सावरपाडा एक्स्प्रेस' कविता राऊत त्यांचीच शिष्या. 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरचं ब्रॉन्झ आणि त्याच वर्षी ग्वांगझू एशियन गेम्समध्ये सिल्व्हर मिळवून कविताने नाशिकला लाँग डिस्टन्सच्या नकाशावर नेऊन ठेवलं. तिच्यानंतर मोनिका आथरे, अंजना ठमके, दुर्गा देवरे, ताई बामणे अशी रांगच लागली. यातल्या बहुतेक जणी ग्रामीण किंवा आदिवासी भागातल्या. कुणाच्या घरी स्पोर्ट्सचं वातावरण वगैरे असण्याचा प्रश्नच नव्हता. नाशिकची थंड हवा, आजूबाजूचे चढउतार अशी बरीच कारणं लोक देतात. मला विचाराल तर त्याहून मोठं कारण म्हणजे आपल्यासारखीच एक मुलगी जाऊन मेडल घेऊन येते, हे पुढचीला डोळ्यांसमोर दिसणं. 'ती करू शकते, तर मी का नाही?' हा फंडा कुठल्याही मोटिव्हेशनल सेमिनारपेक्षा भारी असतो.

कॉलेज ॲथलीटची शिडी कशी असते, हे आपल्याला फारसं माहीत नसतं. आधी इंटर-कॉलेज. मग झोन. नाशिकची कॉलेजेस सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे पुढच्या टप्प्यात पुणे आणि नगरच्या मुलींशी सामना. त्यातून युनिव्हर्सिटीची टीम, मग देशभरच्या विद्यापीठांची ऑल इंडिया इंटर-युनिव्हर्सिटी आणि तिथे चमकलात तर दर दोन वर्षांनी होणाऱ्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सची दारं उघडतात. या सगळ्यात लेक्चर्स, टर्म एंड आणि 75 टक्के अटेंडन्स आहेच.

अमेरिकेत कॉलेजचं बास्केटबॉल बघायला स्टेडियम फुल्ल होतं, टीव्हीवर कोट्यवधी लोक मॅच बघतात आणि 2021 पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीही करता येतात. आपल्याकडे इंटर-युनिव्हर्सिटीची फायनल बघायला कोण असतं? बाकीच्या टीम्स, काही पी. टी. सर आणि बाउंड्रीबाहेर क्रिकेट खेळणारी पोरं.

अशा ठिकाणाहून संजीवनीने पुढे मजल मारली. तैपेईच्या महिनाभर आधी, जुलै 2017 मध्ये, भुवनेश्वरच्या एशियन चॅम्पियनशिपमध्ये 5,000 मीटरचं ब्रॉन्झ. मार्च 2018 मध्ये चीनमधल्या गुईयांगला एशियन क्रॉस कंट्रीत पुन्हा ब्रॉन्झ. वय बावीसच्या आत, तीन इंटरनॅशनल मेडल्स. ग्राफ एकदम वर! आपल्या ऑफिसच्या अप्रेझलमध्ये याला 'एक्सिड्स एक्स्पेक्टेशन्स' म्हणतात.

आणि मग ब्रेक लागला

स्टोरी इथेच संपवता आली असती. फोटो, मेडल, 'जिद्दीला सलाम', विषय संपला. पण अर्धीच गोष्ट सांगणं मला पटत नाही.

2019 मध्ये बातमी आली. ॲथलेटिक्स इंटेग्रिटी युनिटने संजीवनीवर डोपिंगच्या नियमांखाली दोन वर्षांची बंदी घातली. जून 2018 मधल्या तिच्या सॅम्पलमध्ये प्रोबेनेसिड नावाचं द्रव्य सापडलं होतं. बंदी त्या तारखेपासून धरली गेली आणि मधल्या काळातले निकाल रद्द झाले. एप्रिल 2019 मध्ये दोहाच्या एशियन चॅम्पियनशिपमध्ये 10,000 मीटरला मिळालेलं ब्रॉन्झही त्यात गेलं. आधीची मेडल्स, तैपेईच्या सिल्व्हरसह, तिच्या नावावर राहिली.

हे प्रोबेनेसिड काय प्रकरण आहे? मुळात हे गाऊटवरचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या यूरिक ॲसिडवरचं औषध. ते मूत्रपिंडाच्या कामात ढवळाढवळ करतं आणि काही द्रव्यं लघवीवाटे बाहेर पडू देत नाही. पेनिसिलिन शरीरात जास्त वेळ टिकावं म्हणूनही हेच औषध कामी आलं. याच गुणामुळे ते खेळात 'मास्किंग एजंट' ठरतं. त्याने स्पीड वाढत नाही, पण दुसरं काही घेतलं असेल तर ते झाकलं जाऊ शकतं, म्हणून बंदी. 1988 च्या टूर द फ्रान्समध्ये पेद्रो देल्गादो या सायकलपटूच्या चाचणीत हेच सापडलं होतं. ते ऑलिंपिक समितीच्या बॅन लिस्टवर होतं, पण सायकलिंगच्या लिस्टवर अजून आलेलं नव्हतं. पठ्ठ्या सुटला आणि टूर जिंकला!

आज तसा सुटायला वाव नाही. नियम सरळ आहे : तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही. डॉक्टरने दिलं, मेडिकलवाल्याने दिलं, मैत्रिणीने दिलं, काहीही असो. हेतू काय होता, याचा विचार शिक्षा किती यासाठी होतो. नियम मोडला की नाही, हे सॅम्पलवरच ठरतं. आपण सर्दी झाली की केमिस्टकडे जाऊन 'काहीतरी स्ट्राँग द्या' म्हणतो. ॲथलीटला ही चैन परवडत नाही. तिने प्रत्येक गोळीचं नाव बंदीच्या यादीशी ताडून बघायचं असतं, प्रोटीन पावडरच्या डब्यावरचा बारीक मजकूर वाचायचा असतो.

मला हा नियम कठोर वाटतो आणि तरीही योग्य वाटतो. कारण प्रामाणिकपणे चौथी आलेली मुलगीही कुणाच्या तरी घरची असते, तिनेही पहाटे उठून तितकेच किलोमीटर घातलेले असतात. पण एक प्रश्न उरतो. मोठ्या देशांच्या खेळाडूंसोबत डॉक्टर, डाएटिशियन, वकील अशी फौज असते. आपल्या कॉलेजमधल्या किती मुलींना ही यादी कुणी मराठीतून समजावून सांगतं? झोनल खेळणाऱ्या मुलीला स्पाइक्ससोबत हे शिक्षणही पहिल्याच दिवशी मिळायला हवं. त्याला खर्च तरी कितीसा येणार?

सेकंड इनिंग

धावपटूच्या आयुष्यात बावीस ते चोवीस ही वर्षं म्हणजे सोनं. ती गेली. बंदी संपली जून 2020 मध्ये, तेव्हा करोनाने सगळे ट्रॅक बंद होते. अशा वेळी किट कपाटात टाकून देणं सगळ्यात सोपं होतं.

संजीवनीने ते केलं नाही. ती परत आली. 2024 मध्ये बंगळुरूच्या वर्ल्ड 10 के मध्ये भारतीय महिलांमध्ये ती पहिली आली, 34 मिनिटं 3 सेकंदांत. 2025 मध्ये पुन्हा तीच पहिली, 34:16. वय अठ्ठावीस. कॉलेज कधीच संपलेलं, पाठीशी टाळ्या आणि टीका दोन्ही.

आपल्याला स्पोर्ट्स स्टोरीज दोनच रंगात आवडतात. एक तर हिरो, नाही तर 'अरेरे, फुकट गेली'. संजीवनीची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. तैपेईचं सिल्व्हर खरं आहे, दोन वर्षांची बंदी खरी आहे आणि बंगळुरूचे दोन विजयही खरे आहेत. सीव्हीमधला गॅप लपवण्यात आपण किती एनर्जी घालवतो, नाही? तिचा गॅप तर जाहीर, नावानिशी, पेपरात छापून आलेला. तो घेऊन ती पुन्हा स्टार्ट लाइनवर उभी राहिली.

तर मंडळी, एक हटके वीकेंड प्लॅन. येत्या सीझनला तुमच्या जुन्या कॉलेजची झोनल ॲथलेटिक्स कधी आहे, विचारा. तिकीट नाही, पार्किंगची मारामारी नाही, एसएमएस व्होटिंग नाही. महिलांची लांब पल्ल्याची रेस शोधा आणि शेवटपर्यंत थांबा. पुढे पळणारीसाठी टाळ्या वाजवाच. शेवटून दुसरी असेल तिच्यासाठी थोड्या जास्त वाजवा, कारण तिच्या फेऱ्या अजून बाकी असतात.