सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरवतो कोण?

‘वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू’ हा बहुमान ऐकावयास सोपा वाटतो. तो ठरतो कसा, हे मात्र तितके सोपे नाही. क्रिकेटमध्ये धावा व बळी यांची खातेवही तरी असते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एखादाच गोल होतो, कधी तोही होत नाही. चेंडू अडवणे, मोकळी जागा हेरणे, सहकाऱ्यास अचूक वेळी चेंडू पोहोचवणे ही उरलेली कामगिरी कोणत्याच रकान्यात पुरती उतरत नाही. म्हणून येथे मतदानाचा आधार घ्यावा लागतो, आणि मतदान म्हटले की मतदार कोण, हा प्रश्न आलाच.

या प्रथेचा मान पत्रकारांकडे जातो. इंग्लंडमधील फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने १९४८ साली आपला पहिला पुरस्कार स्टॅन्ली मॅथ्यूज यांना दिला. पुढे १९५६ मध्ये ‘फ्रान्स फुटबॉल’ या फ्रेंच नियतकालिकाने युरोपातील १६ पत्रकारांची मते मागवून ‘बॅलन डी’ऑर’, म्हणजे सोन्याचा चेंडू, देण्यास प्रारंभ केला. त्याचेही पहिले मानकरी मॅथ्यूजच. वय वर्षे ४१! त्यांना ४७ गुण मिळाले आणि दुसऱ्या क्रमांकावरील डी स्टेफानो यांना ४४. तीन गुणांचे हे अंतर पाहिले, तर एखाद-दुसऱ्या मताचे मोल लक्षात येते.

मतदार बदलला की निकाल बदलतो, याचा ठसठशीत दाखला २०१० सालचा आहे. त्या वर्षी फ्रान्स फुटबॉल आणि ‘फिफा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाचे पुरस्कार एकत्र करण्यात आले व पत्रकारांच्या जोडीला राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक आणि कर्णधार यांनाही मताधिकार मिळाला. सोन्याचा चेंडू लिओनेल मेस्सी यांना मिळाला. केवळ पत्रकारांची मते मोजली असती, तर पहिला क्रमांक नेदरलंड्सच्या वेस्ली स्नायडर यांचा होता. एकत्रित मोजणीत ते पहिल्या तिघांतही राहिले नाहीत. खेळ तोच, वर्ष तेच, खेळाडूही तेच! २०१६ मध्ये ही भागीदारी संपली आणि सोन्याचा चेंडू पुन्हा पत्रकारांच्या हाती आला.

भारतात या प्रश्नाचे उत्तर निराळे शोधले गेले, आणि ते समजून घेण्यास बंगळूरूसारखे ठिकाण नाही. या शहराचा फुटबॉलशी संबंध जुना आहे. १९३७ साली मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकून ‘बंगलोर मुस्लिम्स’ने लष्करी गोऱ्या संघांची मक्तेदारी मोडली व पुढल्याच वर्षी तो चषक राखला. २०१३ साली स्थापन झालेल्या बंगळूरू एफसीने पहिल्याच हंगामात आय-लीगचे विजेतेपद मिळवले. या संघाचे कर्णधारपद भूषवणारे सुनील छेत्री यांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वार्षिक सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार २००७ पासून २०२१-२२ पर्यंत सात वेळा पटकावला. त्यांपैकी पाच वेळा ते बंगळूरूशी जोडले गेल्यानंतर.

महासंघाच्या या पुरस्कारासाठी अनेक वर्षे पत्रकारांनी नव्हे, तर क्लबांच्या प्रशिक्षकांनी मतदान केले. त्याचा एक परिणाम लक्षणीय आहे. पत्रकारांच्या सोन्याच्या चेंडूवर आजवर एकाच गोलरक्षकाचे नाव कोरले गेले, ते म्हणजे १९६३ सालचे सोव्हिएत लेव्ह याशिन. बचावपटूही बेकेनबाउर, झामर, कान्नाव्हारो असे मोजकेच. इकडे प्रशिक्षकांच्या मतांवर २०१९-२० चा पुरस्कार बंगळूरू एफसीचे गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांना, तर २०२०-२१ चा बचावपटू संदेश झिंगन यांना मिळाला. दोन वर्षांवरून सिद्धान्त मांडणे धाडसाचे ठरेल. तरीही ज्याला दर आठवड्यास प्रतिस्पर्ध्याचा बचाव भेदण्याची योजना आखावी लागते, त्याची नजर बचावाकडे आधी जावी, हे स्वाभाविकच. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर मुंबईच्या राहुल भेके यांनी ११७ व्या मिनिटास हेडर मारून एफसी गोवाविरुद्ध बंगळूरूला इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. भेके बचावपटू! तो एक गोल सर्वांच्या स्मरणात आहे; त्याआधीचे त्यांचे शंभर अडवलेले चेंडू किती जणांच्या असतील?

अर्थात प्रशिक्षकाचे मतही निर्भेळ नसते. तो स्वतःच स्पर्धेतील एक पक्ष असतो. कर्जप्रकरणात शिफारस करणारा व मंजुरी देणारा एकच असू नये, हा दंडक बँकेच्या ग्राहकांस परिचित आहे. पत्रकार या कसोटीस अधिक उतरतो. तो सर्वच संघांचे सामने पाहतो, आणि त्याचे मत दुसऱ्या दिवशीच्या अंकात जाहीरपणे छापले जाते. दोष हा, की तो मथळ्यांच्या जगात वावरतो आणि मथळा गोल करणाऱ्याचा होतो. असे असूनही २०२४ मध्ये स्पेनचे रोड्री या मध्यरक्षकाने १,१७० गुण मिळवून ब्राझीलच्या व्हिनिसियस यांना ४१ गुणांनी मागे टाकले, ही बाब पत्रकारांच्या बाजूने नोंदवावी लागेल.

सोन्याच्या चेंडूच्या मतदानात २००७ पासून जगभरच्या पत्रकारांना स्थान मिळाले. परंतु २०२२ मध्ये नियम आवळण्यात आले. पुरुषांच्या पुरस्कारासाठी फिफा क्रमवारीतील पहिल्या १०० देशांचा प्रत्येकी एक पत्रकार आणि महिलांच्या पुरस्कारासाठी पहिल्या ५० देशांचा. २०२४ पासून प्रत्येक मतदार दहा नावे क्रमाने देतो आणि त्यांना १५, १२, १० अशा उतरत्या क्रमाने गुण मिळतात. म्हणजे एखाद्या देशाच्या पत्रकाराचे मत त्याच्या जाणकारीवर नव्हे, तर त्या देशाच्या संघाच्या पायांवर अवलंबून राहिले! भारताचा पुरुष संघ जुलै २०२३ मध्ये ९९ व्या स्थानी होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो ११७ व्या स्थानावर घसरला.

फिफाच्या स्वतंत्र ‘द बेस्ट’ पुरस्कारास अशी अट नाही. तेथे राष्ट्रीय कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि सामान्य चाहते या चार गटांना समान वजन आहे. छेत्री यांनी भारताचे कर्णधार या नात्याने त्यात मत दिले आहे. पहिल्या तीन गटांतील प्रत्येकाने कोणास कोणता क्रमांक दिला, हेही फिफा नावानिशी प्रसिद्ध करते.